घर नवं, गुलाब जुने: इंदुरात बागेसकट घर घेणाऱ्यांसाठी

आम्ही विजय नगरचा फ्लॅट सोडून लोकमान्य नगरातल्या या जुन्या बैठ्या घरात आलो ते अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, म्हणजे ऐन उन्हात, आणि सामान उतरवताना टेम्पोवाल्या पोराने विचारलं "दीदी, अलमारी कहाँ टिकाऊँ", तर मी कंपाउंडजवळच्या एका वाळक्या काटेरी झुडपाकडे बोट दाखवलं, म्हटलं त्याला टेकव, मेलेलंच आहे ते. तो गुलाब होता आणि मेलेला वगैरे अजिबात नव्हता. पुढच्या आठवड्यात मी मोबाइलवर एक परदेशी व्हिडिओ बघितला आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन सगळे गुलाब वीतभर उंचीवर आणून ठेवले, बाहेर बेचाळीस डिग्री. सातातले दोन गेले.

तर हे सगळं लिहायचं कारण ते दोन. आता चार वर्षं झालीत, मी काही एक्स्पर्ट नाही, पण तुम्ही जर आत्ताच एखादं जुनं घर घेतलं असेल आणि मागच्या मालकांचे गुलाब फुकटात पदरी पडले असतील, तर निदान पहिल्या वर्षी काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय नाही करायचं, ते सांगते.

आधी पाणी, मग झाडं

घरात आल्यावर पहिले आठ दिवस गुलाबांकडे बघायलाही वेळ नसतो, आणि तेच बरंय. गॅस, वीज मीटर, झोन ऑफिसात नामांतरणाच्या, म्हणजे घर नावावर करून घ्यायच्या चकरा, हे चालू राहू दे. पण एक काम त्यातच उरकून घ्या: घरात कुठल्या नळाला कुठलं पाणी येतं ते शोधा. जुन्या घरात हमखास दोन लाइनी असतात, एक नर्मदेची आणि एक बोरिंगची, आणि कोणता पाइप कुठे जातो हे मागच्या मालकांनाच माहीत असतं, तर चावी घेताना त्यांना विचारून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत लोक.

हे का, तर नर्मदेचं पाणी जलूदवरून सत्तरेक किलोमीटर पंप करून येतं, १९७८ पासून येतंय, आणि ते गोडं आहे. बोरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढलेला दिसला की समजायचं. तेच पाणी वर्षानुवर्षं मिळालं की गुलाबाची वरची कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. आमच्याकडे असंच होतं आणि मी म्हणत होते खत कमी पडतंय, ओता अजून खत. खताचा प्रश्नच नव्हता, जमिनीत लोह असतं पण जड पाण्याने माती अल्कधर्मी झाल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर नळ येतो त्या दिवशी बादली-दोन बादल्या नर्मदा झाडांसाठी बाजूला ठेवायच्या.

आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालू नका! इंदुरात प्रत्येक घरी हे करतात, "वाया कशाला घालवायचं" म्हणून. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार खाली राहतात, आठ दिवसांनी टाकीच्या तळाला जे राहतं ते म्हणजे बोरिंगपेक्षाही खारट. आर ओ मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच. त्याने फरशी पुसा.

पंधरा दिवस कात्रीला हात नाही

हे सगळ्यात अवघड आहे कारण नवीन घरात आपल्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. नाही करायचं. एक वही घ्या, कंपाउंडचा वेडावाकडा नकाशा काढा आणि प्रत्येक काटेरी झुडपाला नंबर द्या, वाळकं दिसलं तरी द्या. मग सकाळी चहाचा कप घेऊन फिरताना प्रत्येक झाडाच्या एका जाड फांदीवर नखाने जरासं खरवडून बघायचं, सालीखाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर ती फांदी गेली, पण फांदी गेली म्हणजे झाड गेलं असं नाही, खाली खाली बघत जायचं. आमच्या कपाटवाल्या झाडाला जमिनीपासून चार बोटांवर हिरवं होतं, बस तेवढंच.

वहीत अजून काय लिहायचं: ऊन किती तास येतं (गुलाबाला पाच-सहा तास तरी पाहिजे, सकाळचं असेल तर फारच उत्तम), भिंतीपासून अंतर किती, आणि पायाशी बांधकामाचा मलबा आहे का. जुन्या घराच्या भिंतीलगत चुना, सिमेंट, विटांचे तुकडे असं सगळं दाबलेलं असतं, तिथला गुलाब कधीच खुश नसतो.

स्टोअररूममध्ये मागच्या मालकांची औषधं सापडतील. आमच्याकडे एका डब्यात अर्धी पुडी थिमेट होतं, वासानेच डोकं उठलं. ते म्हणजे फोरेट, कीटकनाशक, २०२० च्या शेवटापासून आपल्याकडे त्यावर बंदी आहे, अति विषारी. असलं काही सापडलं तर कुंडीत टाकू नका, मोरीत ओतू नका, कचऱ्याच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो त्यात द्या. आपल्या गाडीत सहा कप्पे आहेत, त्याचा असा उपयोग.

फुलं चोरणाऱ्या आजींशी मैत्री करा

तिसऱ्या का चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी खिडकीतून बघितलं तर एक आजी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्या कंपाउंडच्या जाळीतून हात घालून फूल तोडत होत्या. मी बाहेर आले तर दचकल्या वगैरे नाहीत, उलट मलाच म्हणाल्या, "अगं तू नवीन आलीस का, बरं झालं, पाणी घाल बाई जरा, महिनाभर घर बंद होतं." मी म्हटलं आजी, आत येऊन तोडा, गेट उघडते.

हा माझ्या चार वर्षांतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. कारण पूजेसाठी रोज फुलं तोडणाऱ्या बाईला तुमच्या बागेचा जितका इतिहास माहीत असतो तितका मालकालाही नसतो. तुळशी वृंदावनाजवळचा गुलाबी तो देशी, घर बांधलं तेव्हापासूनचा, फाटकावरचा वेल पांढरा आहे पण तीन वर्षं फुलला नाही कारण माळी दर वर्षी सपाट कापतो, आणि कोपऱ्यातला लाल "पहिले इतका मोठा यायचा, आता जंगली झालाय", हे सगळं मला दहा मिनिटांत कळलं. व्हिडिओ बघून काय कळलं होतं ते वर सांगितलंच.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात भांडण करू नका. दोन फुलं गेली तर गेली, देवालाच जातात.

कोण कोण आहे ते ओळखा

इथे थोडा वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. जुन्या बागेत साधारण चार प्रकारचे गुलाब निघतात.

देशी गुलाबी. मध्यम फूल, ढिल्या पाकळ्या, दिवसभरात गळून पण जातो, पण वास असा की फाटक उघडल्यावर समजतं. ज्याला बाजारात काही लोक गंगानगरी म्हणतात, काही एडवर्ड म्हणतात, आणि खरं सांगायचं तर हे वेगवेगळे आहेत: दमास्क जातीचा असेल तर मुख्य बहर होळीच्या आगेमागे एकदाच दणकून येतो, एडवर्ड असेल तर वर्षभर थोडी थोडी फुलं देत राहतो. वर्षभर वहीत तारखा लिहिल्यात तर आपोआप कळेल तुमचा कोणता. हा सगळ्यात चिवट, स्वतःच्या मुळांवर वाढलेला असतो, याला तुम्ही चुकून जमिनीपर्यंत कापलात तरी परत तोच येईल.

मग वेल. लांब लांब फांद्या, सात-आठ फूट, फाटकावर नाहीतर जाळीवर चढलेला. याची गंमत अशी की फुलं बहुतेक मागच्या वर्षीच्या लांब फांद्यांवर जे छोटे फुटवे येतात त्यांवर येतात. माळी त्या लांब फांद्याच उडवतो, मग फुलं कुठून येणार.

तिसरे हायब्रिड, म्हणजे नर्सरीवाले. एका दांडीवर एकच मोठं फूल तो हायब्रिड टी, आणि एका दांडीवर गुच्छ तो फ्लोरिबंडा. नावं विचारलीत तर बहुतेकदा कोणाला माहीत नसतात. किरमिजी लाल, मध्यम आकाराचा, भरपूर फुलणारा आणि वासाचा असेल तर सुर्खा असू शकतो, म्हणजे ग्रुस आन टेप्लिट्झ, १८९७ सालचा युरोपातला गुलाब जो आपल्या हारवाल्यांनी इतका आपलासा केला की नाव पण बदलून टाकलं. पिवळा-गुलाबी कडांचा मोठा असेल तर पीस, तो १९४५ चा. नाव सापडलं नाही तरी काही बिघडत नाही, मी माझ्या एकाला "सासूबाई" म्हणते, काटे बघून.

चौथा आणि महत्त्वाचा: जंगली. नर्सरीतला हायब्रिड स्वतःच्या मुळांवर नसतो, एका रांगड्या गुलाबाच्या खुंटावर त्याचा डोळा भरलेला असतो, म्हणजे कलम केलेलं असतं. जमिनीजवळ एक गाठ दिसते तो सांधा. गाठीच्या वरून जे फुटतं ते तुमचं, गाठीच्या खालून किंवा थेट मातीतून जे फुटतं ते खुंटाचं. खुंटाचा फुटवा इतका जोरदार असतो, हिरवागार, सरळ, महिन्यात तीन-चार फूट, की नवशिक्याला वाटतं वा काय छान वाढतंय, आणि वरचा खरा गुलाब उपाशी मरतो. आजींचा "जंगली झालाय" तो हाच.

लोक सांगतात की पाच पानांचा तो खरा आणि सात पानांचा तो जंगली. माझा माळी पण हेच म्हणतो, "मैडम, सात पत्ती मतलब जंगली, उड़ा दो।" याच्या नादी लागू नका, कारण चांगल्या हायब्रिडला पण सात पानं येतात आणि मी त्या नादात एक चांगली फांदी गमावली. पानं मोजू नका, फांदी कुठून निघतेय ते बोटाने माती उकरून शोधा. खालून निघत असेल तर कापायची पण नाही, जिथून फुटली तिथून खाली ओढून उपटायची, कापलीत तर चार नवीन येतात. ज्या झाडावर गाठीच्या वर काहीच जिवंत नाही ते झाड संपलं, मोह सोडा. खुंटावर पुन्हा डोळा भरून घेता येतो म्हणा, पण त्यासाठी माहीतगार माळी पाहिजे.

उन्हाळा म्हणजे फक्त जगवणं

तुम्ही पण माझ्यासारखे एप्रिल-मे मधे शिफ्ट झाला असाल (मुलांच्या परीक्षा झाल्या की सगळं इंदूर शिफ्ट होतं) तर जूनपर्यंत एकच ध्येय, झाड जगलं पाहिजे. छाटणी नाही, खत नाही, जागा बदलणं तर मुळीच नाही.

आपली माळव्याची काळी माती, तिचा स्वभाव समजून घ्या. ओली झाली की फुगते आणि चिकट होते, वाळली की आक्रसते आणि मोठमोठ्या भेगा पडतात, त्या भेगांमधे गुलाबाची बारीक मुळं अक्षरशः तुटतात. म्हणून उन्हाळ्यात ती पूर्ण वाळू द्यायची नाही आणि उघडी ठेवायची नाही, वाळलेली पानं, गवत, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल त्याचा तीन-चार बोटं जाड थर बुंध्यापासून थोडं लांब पसरून ठेवायचा. पाणी सकाळी लवकर आणि एकदाच, पण पोटभर. रोज संध्याकाळी पाइप धरून वरवर शिंपडलं की माती वरून ओली आणि आत कोरडी ठण्ण. मी जुना स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघते, सहज आत गेला आणि माती चिकटून आली तर आज पाणी नको.

पानं खालून बारीक जाळीसारखी आणि वरून फिकट ठिपक्यांची दिसली तर लाल कोळी आहे, गरम कोरड्या हवेत तो येतोच. औषध आणायच्या आधी तीन-चार दिवस सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारून बघा, निम्मं काम त्यानेच होतं.

पावसाळा

यात फार सांगण्यासारखं नाही. पाणी साचू देऊ नका, एवढंच. काळ्या मातीत दोन दिवस पाणी थांबलं की मुळं गुदमरतात, तर बुंध्याशी आळं असेल तर ते जूनमधेच मोडून माती उलटी चढवून घ्या आणि एक चर काढून द्या. पानांवर काळे डाग येतील, मग पिवळी पडून गळतील, घाबरू नका, ते पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतं; पडलेली पानं रोज उचलायची आणि बाहेर टाकायची, खताच्या खड्ड्यात नाही. गणपती बसतात तोपर्यंत झाडं अगदी भिकार दिसायला लागतात. आपलीच नाही, सगळ्यांचीच.

दसरा झाला की कात्री काढा

आता मुख्य कार्यक्रम. तो परदेशी व्हिडिओ म्हणत होता हिवाळा संपला की छाटा, आणि त्यांच्याकडे ते बरोबरच आहे, कारण तिथे बर्फात गुलाब झोपतो आणि वसंतात उठतो. आपल्याकडे उलटं. आपला हिवाळा हाच गुलाबाचा खरा सीझन, दिवसा गोड ऊन, रात्री दहा-बारा डिग्री, तर त्याला त्याच्या आधी छाटायचं, म्हणजे पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मधल्या पंधरवड्यात. छाटल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांनी फुलं येतात, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बहर. हिशोब करून बघा, जुळतो.

एक अडचण अशी की हाच काळ दिवाळीच्या रंगकामाचा. पेंटर शिडी थेट गुलाबात रोवतो आणि चुन्याची बादली तिथेच उलटी करतो. मी आता कंपाउंडचं रंगकाम आधी करून घेते, झाडांवर जुन्या चादरी टाकून, आणि पेंटर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी छाटणी करते. तुम्हाला छाटणी आधी करायची असेल तर मग नवे कोंब आले असताना पेंटर येईल, बघा बुवा.

कात्री स्वयंपाकघरातली नको, छाटणीचा कटर घ्या, धारदार. बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या जागेतून रोग शिरतो. प्रत्येक झाडानंतर पातं डेटॉल किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यायचं. हातमोजे जाड घ्या, ते भांडी घासायचे रबरी काही कामाचे नाहीत.

क्रम असा: आधी वाळक्या फांद्या पूर्ण काढा. मग एकमेकींवर घासणाऱ्या दोघींपैकी बारीक असेल ती. मग झाडाच्या पोटात वाढणाऱ्या, म्हणजे मधे वाटीसारखी मोकळी जागा राहिली पाहिजे, हवा खेळली पाहिजे. इतकं झाल्यावर मागे सरकून पाणी प्या आणि बघा, बहुतेक झाड अर्धं झालेलं असतं. आता हायब्रिड टी असेल तर चार-पाच जाड निरोगी फांद्या ठेवून त्या दीड-दोन फुटांवर कापा, फ्लोरिबंडा जरा हलका हात, देशी असेल तर फक्त विरळ करा आणि वरचा एक तृतीयांश कमी करा, आणि वेल असेल तर लांब फांद्यांना हात लावू नका, त्या आडव्या वाकवून जाळीला बांधा. आडव्या फांदीवर प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो, आमचा तीन वर्षं रुसलेला पांढरा वेल एवढ्यानेच फुलला.

काप कुठे घ्यायचा हे नीट वाचा. फांदीवर पानाच्या बगलेत बारीक फुगीर डोळा असतो, बाहेरच्या बाजूला तोंड केलेला डोळा शोधा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप द्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. कापलेल्या जागेचा गाभा बघा. पांढरा किंवा हिरवट असेल तर ठीक. तपकिरी असेल तर अजून खाली जा, पांढरा लागेपर्यंत. हा टप्पा टाळू नका, कारण आपल्याकडे छाटणीनंतर फांदी टोकापासून काळी पडत खाली येते, तो रोग जुन्या गुलाबांना फार, आणि एकदा सांध्यापर्यंत पोचला की झाड गेलं. कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची दाट पेस्ट ब्रशने लावायची, खत-बियाण्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. आजी हळद लावतात. मी विचारलं उपयोग होतो का, तर म्हणाल्या "तुला कापलं तर काय लावतेस?" मी जाड कापांना पेस्ट आणि बारीक कापांना हळद लावते, दोघींचा मान राहतो.

माळी ठेवला असेल तर त्या दिवशी स्वतः उभं राहा. माळ्यांना सगळं एका पातळीत आवडतं, मेहंदीच्या कुंपणासारखं.

गुलाब चुकीच्या जागी असेल, म्हणजे जिथे तुम्हाला गाडी लावायची आहे तिथे, तर हलवायची वेळ पण आत्ताच छाटणीनंतर, थंडी पडल्यावर, नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. आदल्या दिवशी भरपूर पाणी, मग चहूबाजूंनी फूटभर अंतर सोडून खणायचं आणि मातीच्या गोळ्यासकट उचलायचं, दोन माणसं लागतात. नवा खड्डा दीड फूट बाय दीड फूट, काळ्या मातीत थोडी वाळू आणि अर्धं शेणखत, आणि सांध्याची गाठ मातीच्या वर राहिली पाहिजे. पार्किंगच्या टाइल्स बसवणाऱ्या मिस्त्रीला आधीच तारीख सांगून ठेवा, तो म्हणेल "दो मिनट में उखाड़ देता हूँ", त्याला उखाडू देऊ नका.

खत

छाटणीनंतर चार-पाच दिवसांनी बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळं करून, माती हलकी मोकळी करून, मोठ्या झाडाला पाच ते आठ किलो चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा. शाकाहारी घरात हाडांचा चुरा चालत नाही म्हणणारे असतात, आमच्याकडे सासूबाई (खऱ्या) आहेत, तर नका घालू, शेणखत जास्त घाला. ओलं शेण नको, त्याने मुळं भाजतात आणि वाळवी येते.

शेणखत विकत आणण्यापेक्षा स्वतःच कंपोस्ट करा आणि यात इंदूरकरांनी तरी लाजायचं कारण नाही, कारण जगभर शेतीच्या पुस्तकांत "इंदूर पद्धत" म्हणून जे कंपोस्ट शिकवतात ते इथलंच आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होता, जिथे आता कृषी महाविद्यालय आहे, त्याने आपल्या शेतकऱ्यांकडे आणि चीनमधल्या पद्धतींकडे बघून हे बसवलं, आणि १९३१ च्या त्याच्या पुस्तकावर दुसरं नाव आहे यशवंत वाड, आपलाच माणूस. पद्धत साधी: काडीकचरा आणि वाळली पानं, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर थोडी माती आणि लाकडाची राख, पुन्हा तेच. ओलसर ठेवायचं पण गचगचीत नाही. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असं तीनदा उलटंपालटं करायचं, तीन महिन्यांत तयार. जुलैत सुरू केलंत तर ऑक्टोबरच्या छाटणीला बरोबर हाताशी येतं. ओला कचरा गाडीत दिला तरी तो देवगुराडियाच्या प्लांटात जाऊन गॅस होतो, वाया जात नाही, पण गुलाबाला गॅस कळत नाही ना.

चहाचा चोथा साखर धुऊन घाला, नाहीतर मुंग्या.

किडी थोडक्यात

कोवळ्या कळ्यांवर हिरवे-काळे बारीक किडे म्हणजे मावा, बोटांनी चिरडा किंवा लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब भांड्यांचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा. कळ्या उमलायच्या आधीच कडेने करपल्या तर फुलकिडे, तेच औषध, दर आठवड्याला. जानेवारीत पानांवर पांढरी पावडर दिसली तर भुरी, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण ऊन तापायला लागल्यावर गंधक मारायचं नाही, पानं जळतात.

फुलं आल्यावर

डिसेंबरात पहिलं फूल आलं की फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका, आणि मग ते तोडा. सुकलेलं फूल झाडावर ठेवलं तर झाड बी करायच्या मागे लागतं आणि पुढची फुलं थांबतात. तोडताना नुसती मान मोडायची नाही, खाली उतरत पहिलं पाच पानांचं पान येईल त्याच्या वर कापायचं, तिथून पुढची दांडी येते. मनात आलं तर जानेवारीत भोपाळच्या गुलाब उद्यानातलं प्रदर्शन बघून या, तिथे तुमच्या बिनानावाच्या गुलाबाचं नाव सापडायची शक्यता असते. मी सासूबाईंचं नाव शोधायला गेले होते, सापडलं नाही.

देशीचा बहर आला की गुलकंद. पाकळ्या पहाटे तोडायच्या, त्या झाडावर कुठलंही औषध मारलेलं नको, धुऊन सावलीत कोरड्या करायच्या, जितकं वजन पाकळ्यांचं तितकीच कुटलेली खडीसाखर, काचेच्या बरणीत थरावर थर, तोंडाला फडकं, आणि गच्चीत तीन-चार आठवडे उन्हात, रोज कोरड्या चमच्याने हलवायचं. घरात वाळवीचं औषध ड्रिल करून भरलं असेल तर त्या भिंतीजवळच्या झाडाच्या पाकळ्या खायला घेऊ नका, देवाला वाहा.

छाटणीच्या काड्या फेकू नका. देशीच्या आणि वेलाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, सहा-आठ इंच, तीन-चार डोळ्यांच्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, दोन तृतीयांश मातीत, सावलीत, माती ओलसर. डोळे वरच्या दिशेने राहिले पाहिजेत, उलटी काडी लावली तर जन्मात फुटत नाही, मी लावलीये. दोन महिन्यांत मुळं धरतात. हायब्रिडच्या काड्या सहसा धरत नाहीत, दहातली एखादी, म्हणून तर नर्सरीवाले डोळे भरतात.

आजींसाठी मी पांढऱ्या वेलाच्या सहा काड्या लावल्या होत्या, चार धरल्या. त्यांच्याकडे अंगण नाही, तिसऱ्या मजल्यावर गॅलरी आहे, तर एक कुंडी नेऊन दिली आणि म्हटलं आजी, आता तुम्हाला खाली उतरायला नको. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन फाटकाशी हजर. म्हणाल्या, "ती अजून लहान आहे गं, तोपर्यंत इथलीच नेते."